गाडी घरी खोलली तर वॉरंटी जाते का?

दाभोळहून धोपाव्याला येताना फेरीबोटीवर दुचाकी अगदी पुढे लागली, की खाडीचा खारा फवारा थेट चेनवर येतो. उन्हाळ्यात तो सुकून पांढरट थर धरतो, पावसात त्याच्यावर जांभ्याचा लाल चिखल बसतो. गाडी दोन दिवस तशीच पडवीत राहिली तर तिसऱ्या दिवशी चेनचा रंग कौलासारखा झालेला असतो. इकडे पुस्तिकेप्रमाणे पुढची सर्व्हिस दोन-अडीच हजार किलोमीटर लांब. गुहागरकडच्या माणसाला अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे बहुधा चिपळूण, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर आणि एक दिवसाची रजा. मग माणूस गोणपाट अंथरतो, जुना टूथब्रश घेतो आणि बसतो चेन घासायला. तेवढ्यात गडग्यापलीकडून कुणीतरी म्हणतंच, "नवी गाडी ना रे? हात लावू नको, वॉरंटी जाईल."

या वाक्यात चतकोर खरं आहे. तो चतकोर नेमका कुठला, ते कळलं की बाकीचं काम पडवीत बसून निवांत करता येतं.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं मर्यादित वचन. गाडी बनवताना मालात किंवा कारागिरीत दोष राहिला असेल आणि तो ठरल्या मुदतीत बाहेर आला, तर तो भाग कंपनी दुरुस्त करील किंवा बदलून देईल. बस, एवढंच. ब्रेक शू, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब, वायपरचं रबर ही झिजण्यासाठीच जन्मलेली मंडळी. ती त्यात सहसा नसतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा ज्याने ते बनवले त्याची, वेगळी. गंजाबद्दलचं कलम मात्र आपल्याकडच्या माणसाने दोनदा वाचावं. अनेक पुस्तिकांत अपवादांच्या यादीत खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक हे सगळं एका ओळीत बसलेलं असतं. म्हणजे ज्या गोष्टीने किनाऱ्यावरची गाडी सगळ्यात जास्त खराब होते, ती कंपनीने आधीच बाजूला काढून ठेवलीय. याचा राग मानायचा की व्यवहार म्हणायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी गाडी धुतो.

आता तीच पुस्तिका देखभालीच्या पानांवर उघडा. चेन साफ करून तेल द्या, ताण तपासा, हवा बघा, ऑइलची पातळी बघा, बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ ठेवा. हे सगळं मालकाने करायचं म्हणून कंपनीनेच छापलेलं असतं. बऱ्याच मोटरसायकलींना चेनचं तेल दर ५०० किलोमीटरच्या आसपास सांगितलेलं असतं, आणि ते काही सर्व्हिस सेंटरला जाऊन करण्याजोगं अंतर नव्हे. ही देखभाल केली नाही आणि चेन-चक्री लवकर गेली, तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला हे सांगून बघा: वॉरंटी हात लावल्याने जाते त्याहून जास्त वेळा हात न लावल्याने जाते.

त्याच पुस्तिकेत 'कठीण परिस्थितीतील वापर' अशा नावाचा एक छोटा चौकोन असतो, जो कुणी वाचत नाही. धूळ, चिखल, चढउतार, दमट किंवा खारट हवा, सतत जवळच्या जवळ फेऱ्या. असं असेल तर ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. यातलं आपल्याला लागू नाही असं काय आहे? कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीचं वेळापत्रक या चौकोनात आहे, मोठ्या तक्त्यात नाही.

मग चतकोर खरं ते कुठलं? दावा आला की कंपनीने विचारायचा प्रश्न 'गाडी कुणी खोलली' हा नाही. काय बिघडलं, आणि ते कशामुळे बिघडलं, हा आहे. समजा तुम्ही घरी ऑइल बदललंत आणि महिन्याभराने स्पीडोमीटरच्या काचेत आतून बाष्प धरलं. ऑइलचा आणि काचेचा काही संबंध नाही. वॉरंटी जशीच्या तशी. पण तुम्ही ऑइल बदललंत, खालचा ड्रेन बोल्ट नीट बसला नाही, ऑइल गळून गेलं आणि इंजिन जाम झालं, तर ते इंजिन तुमचं. दोन्हींच्या मध्ये मोठा करडा पट्टा आहे आणि सगळी भांडणं तिथेच होतात. बाहेरचा हॉर्न बसवताना वायर कापली आणि नंतर इंजिनचा कंट्रोलर गेला, तर संबंध आहे की नाही? इथे कागद कुणाकडे आहे त्याचं पारडं जड होतं. कागदाकडे येतोच.

हा कारण आणि परिणामाचा मुद्दा माझ्या मनाचा नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली की वॉरंटी रद्द करणं, हे त्यातले मुख्य आक्षेप होते. आयोगाचं म्हणणं असं, की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा निर्णय खिशात ताईत म्हणून घालून फिरू नका. प्रकरण पुढे अपिलात गेलं, शिवाय ते चारचाकींचं होतं, दुचाकींचं नव्हे. आणि त्यात बाहेरच्या गॅरेजचा विचार होता, पडवीतल्या गोणपाटाचा नव्हता. तरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बोलताना विचाराची दिशा म्हणून तो उपयोगी आहे.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक सूचना. 'कंपनी तुमची वॉरंटी रद्द करूच शकत नाही, कायदा आहे' असं छातीठोक सांगणारे बहुतेक जण अमेरिकेतल्या १९७५ सालच्या वॉरंटीविषयक कायद्याबद्दल बोलत असतात. तिथे ठरावीकच सुटा भाग किंवा ठरावीकच सेवा घ्या, अशी अट वॉरंटीला जोडायला मनाई आहे. कायदा चांगला आहे, पण तो तिकडचा. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, स्पर्धा आयोगाचा वर सांगितलेला विचार, आणि २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सुरू केलेलं 'राइट टू रिपेअर' पोर्टल. त्या पोर्टलवर वाहन कंपन्यांचा वेगळा विभाग आहे. देखभालीची माहिती आणि सेवा केंद्रं तिथे शोधता येतात.

एका बाबतीत माझं मत जुन्या वळणाचं आहे: मोफत सर्व्हिस असेपर्यंत त्या सगळ्या अधिकृत सेंटरलाच करून घ्या. मोफत म्हणजे फक्त मजुरी मोफत, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच, आणि दिवस फुकट जातो तो वेगळाच. पण कुपन अमुक दिवसांत किंवा अमुक किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा वापरायचं असतं, आणि ती साखळी तुटली की वॉरंटीवर बोट ठेवायला जागा होते. नेमके 'दिवस' इथे फसवतात. मुंबईकर चाकरमान्याने गावी घेऊन ठेवलेली स्कूटर वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच फिरते. मीटर ६०० वर असतो आणि तीन सर्व्हिसची मुदत मात्र कधीच उलटलेली असते. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर आणखी सांभाळून राहा. तो वेगळा, पैसे देऊन केलेला करार. त्याच्या अटी जास्त कडक असतात आणि प्रत्येक सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करण्याचं बंधन त्यात बहुधा असतं. दोन सर्व्हिसच्या मधला काळ मात्र सगळा आपला.

ऑइलपासून सुरू करू. डब्यावरचा घट्टपणाचा आकडा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, पुस्तिकेशी जुळला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याखालची बारीक अक्षरं राहून जातात. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो; त्यांना 'जासो एमए' किंवा 'एमए२' (दुचाकीच्या ऑइलची जपानी दर्जाची खूण) लिहिलेलं ऑइल लागतं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला बऱ्याचदा 'एमबी' चालतं. कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलीत ओतलं तर त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवू शकतात, आणि तो घसरलेला क्लच घेऊन वॉरंटी मागायला जाऊ नये. पातळी बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. बऱ्याच मोटरसायकलींत ऑइलची काडी नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून नाही; फिरवली तर पातळी जास्त दिसते आणि आपण ऑइल कमी भरतो. स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअरचं ऑइल वेगळं असतं, जेमतेम १०० ते १२० मिलिलिटर, आणि ते बदलायचं बरेच जण विसरतात.

घरच्या मेस्त्रीगिरीतलं सगळ्यात महागडं पाप म्हणजे तो ड्रेन बोल्ट करकचून आवळणं. इंजिनचं कवच अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. ताकद लावली की आटे आतले जातात, बाहेरचे नाही. बोल्ट किती आवळायचा त्याचा आकडा असतो आणि तेवढाच आवळणारा टॉर्क पाना मिळतो. चार मित्रांत एक घेतला तरी चालतो. बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा. पाच-दहा रुपयांच्या त्या चकतीवर कंजुषी करणारे भेटतात, त्यांची गाडी जिथे उभी राहते तिथे काळा ठिपका असतो.

चेन पेट्रोलने धुऊ नका. तिच्या कड्यांत बारीक रबरी रिंगा असतील तर त्या सुकतात. चेनचा क्लीनर किंवा पुस्तिका म्हणत असेल तर रॉकेल (मिळालं तर, रेशनवरचं ते आता आठवणीतच राहिलंय), मग कोरडं पुसून पुस्तिकेतलं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खालून डिझेल किंवा काळं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पत्र्याला ते चार दिवस बरं वाटतं, पण रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून बसते, आणि ब्रेकवर उडालं तर पुढची वाट सांगायला नको. त्यापेक्षा समुद्रावरून किंवा फेरीवरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणं हे जास्त कामाचं. गोड्या म्हणजे खरंच गोड्या. मेमध्ये खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, त्याने धुतलं तर मीठ मिठानेच धुतल्यासारखं होतं. हेच पाणी कुणी रेडिएटरमध्ये ओतलं तर मी त्याच्याशी बोलणं सोडतो. कूलंट कमी झालं तर पुस्तिकेतलंच कूलंट, आणि जाड मिश्रण पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी.

एअर फिल्टरबाबत पंपाच्या हवेने फुंकून साफ करायची सवय घातक ठरू शकते. आजच्या अनेक स्कूटरींत तेलात भिजवलेला कागदी फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, मुदत झाली की बदलायचा असतो. फुंकला की तेल आणि कागद दोन्ही बिघडतात आणि धूळ थेट इंजिनात जाते. ब्रेक ऑइलला हवेतलं पाणी शोषण्याची खोड आहे आणि आपल्याकडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पुस्तिका साधारण दोन वर्षांनी बदला म्हणते, त्यात ढिलाई नको. पण त्यातली हवा काढायचं काम येत नसेल तर ते शिकलेल्या हातालाच द्या. हे मी वॉरंटीसाठी नाही, आंबा घाटातल्या उतारासाठी सांगतोय.

वायरिंगला मात्र खरोखर हात लावू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून साध्या स्कूटरीलाही इंधन इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा संगणक आहे. तो संगणक बिघाडाचे कोड साठवून ठेवतो. तुम्ही वायर सोलून, पिळून, काळी टेप गुंडाळून जोडलेला धुक्याचा दिवा त्याला कसा दिसेल ते सांगता येत नाही, पण सर्व्हिस सेंटरच्या माणसाला ती टेप लगेच दिसते आणि त्या टेपवर सगळं खापर फुटतं. जादा दिवा किंवा हॉर्न लावायचाच असेल तर मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडणारं तयार वायरिंग रिलेसह (दिव्याचा भार स्वतः पेलणारा छोटा स्विच) घ्या, आणि त्याचं बिल ठेवा. उंदरांनी कुरतडलेली वायरही वॉरंटीत येत नाही. बोनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधायचा उपाय करणारे आहेत. उंदीर किती पळतात ते उंदरांनाच माहीत, पण त्याने वॉरंटीला काही होत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर नियम सोपा: टायर, ब्रेक, धुणंपुसणं आपलं, केशरी आवरणाच्या केबल्स आणि बॅटरीचं सील आपलं नव्हे.

पाण्याचंही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कित्येक गाड्या छतापर्यंत बुडाल्या. बुडालेली गाडी हा वॉरंटीचा विषयच नाही, तो विम्याचा आहे. पण अशा गाडीला 'चालू होतेय का बघूया' म्हणून स्टार्टर मारला तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी म्हणते हे पुराने नाही, तुमच्या चावीने झालं. इंजिन संरक्षणाची पुरवणी पॉलिसीत नसेल तर तो वाद बहुधा आपण हरतो. पाणी ओसरल्यावर फोटो काढा, शक्य असेल तर बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या.

आता कागद. माझ्याकडे सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत शाळेची दोनशेपानी वही आहे. प्रत्येक कामाला तारीख, मीटरचा आकडा, काय घातलं, किती घातलं. ऑइलचं आणि फिल्टरचं जीएसटीचं पक्कं बिल, कारण साध्या चिठ्ठीवर 'ऑइल १' असं लिहिलेलं काहीच सिद्ध करत नाही. डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो, मीटरचा फोटो, एकाच दिवशी. सुटा भाग कंपनीचा असला तर उत्तम. नसला तरी पुस्तिकेतल्या दर्जाचा आणि नाव असलेल्या उत्पादकाचा. हुबेहूब खोक्यातला बनावट माल बाजारात भरपूर आहे. होलोग्राम, छापील किंमत, पॅकिंग वर्ष हे दुकानातच बघा, घरी येऊन नव्हे.

या वहीचा उपयोग मला एकदाच झाला, पण झाला. दीड वर्षाच्या गाडीचं पुढचं फोर्क सील (पुढच्या शॉकअपमधलं ऑइल अडवणारं रबर) गळायला लागलं. सेंटरवरच्या माणसाने गाडी बघितली, माझे काळे हात बघितले आणि विचारलं, "घरी काम करता का?" मी हो म्हणालो. "मग वॉरंटीत नाही बसणार." मी भांडलो नाही. एवढंच म्हटलं, की सील गळण्याचं कारण आणि माझ्या कुठल्या कामामुळे ते झालं, हे जॉब कार्डवर लिहून द्या, मी सही करतो. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा बरोबर वरिष्ठ होते. त्यांनी वही चाळली, फोर्कचा त्यात कुठे उल्लेख नाही हे बघितलं, आणि गाडी ठेवून जा म्हणाले. चार दिवसांनी सील बदलून मिळालं. तोंडी नकार द्यायला सोपा असतो. तोच लिहायची वेळ आली की विचार करून लिहावा लागतो.

लेखी नकार मिळाला आणि तो पटला नाही, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरेच मामले तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपल्या बाजूची एक मोठी सोय केलीय: गाडी पुण्या-मुंबईच्या शोरूममधून घेतलेली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे रत्नागिरीकराने रत्नागिरीत, सिंधुदुर्गवाल्याने ओरोसला. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. गरज वाटल्यास आयोग वादातला भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून निकाल लागेपर्यंत काढलेला तुटका भाग भंगारात घालू नका. सर्व्हिस सेंटरनेही तो बदलला तर मागून घ्या किंवा निदान फोटो काढा.

राहता राहिलं काढलेलं काळं ऑइल. ते वहाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतणारे लोक मला माहीत आहेत. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि आपला जांभा चाळणीसारखा. आज ओतलेलं उद्या कुणाच्या तरी विहिरीत असणार. मी ते नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरतो, झाकणावर तारीख लिहितो आणि चिपळूणला काही काम निघालं की गॅरेजच्या पिंपात रिकामं करतो. सध्या पडवीत तीन डबे जमलेत, आणि बायको रोज विचारते, चिपळूणला कधी जाणार.